खिडकीतला गुलाब आणि पाठमोरी म्हातारी

पुढची हकीकत खरी मानणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. भेटला, तर माझाच त्याच्यावरचा विश्वास उडेल.

घड्याळजींची बायको आठ दिवसांसाठी बहिणीकडे निघाली. बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. जाताना तिने एकच काम सांगितलं: खिडकीतल्या गुलाबाला रोज तांब्याभर पाणी. ते रोप तिच्या आईने शेवटच्या आजारपणात स्वतः लावलं होतं. आईच्या हातचं म्हणावं असं घरात तेवढंच उरलं होतं.

ही सासू एकोणीस वर्षांत घड्याळजींशी थेट एक शब्द बोलली नव्हती. दोघं एका टेबलाशी बसलेली असली, तरी ती लेकीकडे तोंड करून म्हणे, "त्याला सांग, चहा निवतोय."

बाबांना एकटं वाटू नये म्हणून घड्याळजींच्या मुलीने तळहाताएवढं खेळाचं यंत्र आणून दिलं. त्यात शेती करायची. घड्याळजींनी आधी नाक मुरडलं. पण जन्मभर त्यांच्या हाती जे आलं, ते बंद पडलेलंच आलं होतं. इथे बी टाकलं की दहा मिनिटांत दिवस मावळायचा आणि चौथ्या दिवशी मुळा हजर! जेवण विसरून त्यांनी दुपारपर्यंत चाळीस वाफे केले.

संध्याकाळी बायकोचा फोन आला. "पाणी घातलंत का?"

"सगळ्यांना घातलं," ते म्हणाले. त्यात खोटं काही नव्हतं.

खेळातल्या गावात माणसंही होती. बटण दाबलं की लोहार हवापाण्याचं बोलायचा, पोस्टमन खुशाली विचारायचा. विहिरीपाशी मात्र एक म्हातारी पाठ करून बसलेली असे. तिच्याजवळ कितीही बटणं दाबा, पडद्यावर नुसते तीन ठिपके.

बायको गेल्याच्या पाचव्या दिवशी खेळातल्या मुळ्यांच्या मधोमध एक गुलाब दिसला. त्यांनी लावलेला नव्हता. डावीकडे कललेला, मान टाकलेला. त्यांनी पाणी घातलं, तर एक पान गळलं. पुन्हा घातलं, आणखी एक गळलं. म्हातारी विहीर सोडून दोन वाफे जवळ येऊन बसली होती, पाठ तशीच.

घड्याळजींनी हळूच मान वर केली. खिडकीतलं रोपही डावीकडे कललेलं होतं. त्यांच्या डोळ्यांदेखत त्याचं शेवटचं पान सुटलं आणि आवाज न करता फरशीवर पडलं.

त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी कुंडीत घागर रिकामी केली, पण ते पालथ्या घड्यावर पाणी. सातव्या दिवशी कुंडीत फक्त काडी उरली, आणि बायको दुसऱ्या दिवशी दुपारी यायची होती.

ते रोपवाटिकेत गेले. तीन फांद्यांचा, वीतभर उंच, किंचित डावीकडे कललेला गुलाब हवा, म्हणाले.

माळ्याने त्यांना खालवर न्याहाळलं. "रोप हवंय की हरवलेलं माणूस शोधताय?"

अखेर एक सापडला. जुन्या कुंडीत नवा गुलाब बसला. काडी वर्तमानपत्रात गुंडाळून जिन्याखालच्या कचऱ्याच्या डब्यात गेली. घरी येऊन त्यांनी यंत्र पाहिलं. म्हातारी शेतातल्या घराच्या उंबऱ्यावर बसली होती. त्यांनी यंत्र बंद केलं आणि सोफ्याच्या उशीखाली दडपलं.

बायको आली ती चपला काढून थेट खिडकीशी गेली. पानांवरून बोट फिरवताना तिचे डोळे भरले. आईचा हात हाती आल्यासारखं वाटतंय, म्हणाली. एवढ्या वर्षांत नवऱ्याचं तिने प्रथमच तोंडभरून कौतुक केलं.

"रोज तांब्याभर," घड्याळजी विनयाने म्हणाले. "एक दिवस चुकवला नाही."

ती सोफ्यावर टेकली. काहीतरी टोचलं म्हणून तिने उशीखालून यंत्र काढलं. कोणी बटण दाबलं नव्हतं, तरी पडदा उजळला.

"अगंबाई, ही म्हातारी कोण? वळली बघा इकडे."

"ती बोलत नाही कोणाशी," घड्याळजी कसेबसे म्हणाले. "ठेव ते."

"बोलतेय की." तिने चष्मा लावला आणि एकेक उमटणारं अक्षर मोठ्याने वाचू लागली. वाचता वाचता तिचा आवाज बारीक होत गेला.

"'त्याला विचार... माझं रोप... कुठे टाकलं.'"