भिवाजीचा तांब्या आणि कोट्यवधी संशयित

"मुंबईपासून नागपूरपर्यंत एकच डोकं चालते, आन् ते माह्यं," असं ग्यानबा डिटेक्टिव्ह स्वतःच सांगत असे. जऊळका गावात हे ऐकून घेणारा एकच माणूस होता, धनसिंग. सायकल धनसिंगची, कॅरिअरवर ग्यानबा. धनसिंग बिचारा पळणार कुठं?

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात ग्यानबाला रेल्वेचा गँगमन भिवाजी संशयास्पद वाटला. दिवसातून अकरा वेळा तो तांब्या घेऊन नाल्याकाठच्या बाभळीमागं जायचा.

"अकरा वेळा!" ग्यानबा कुजबुजला. "सोनं पुरून राह्यला तो."

"पोट बिघडलं असन."

"तीन महिने? पोट काय सरकारी योजना हाय?"

"मंग तो वाळून काहून राह्यला?"

"सोन्याच्या काळजीनं!"

दुसऱ्या दिवशी धनसिंगनं बाभळीमागं खड्डा खणला. जे निघालं त्याला कोणत्याही सराफानं हात लावला नसता. पण त्यात रक्त होतं.

"खून!" ग्यानबा हरखला.

धनसिंग मात्र फावडं टाकून भिवाजीच्या घरी धावला. भिवाजीची बायको लिलाबाई गाठोडं बांधत होती.

"रक्त पडते यायले. नोकरी जाईन म्हून लपवून राह्यले होते," ती म्हणाली. "आज अकोल्याले नेतो. हात देता काय, भाऊ?"

धनसिंगनं भिवाजीला उचललं. एवढा उंच माणूस, पण पोत्यातल्या कापसासारखा हलका लागला. गाडीत धनसिंगनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी नळी घालून आतडं पाहिलं. "आतड्याला सूज आहे, जखमा आहेत," ते म्हणाले.

मागोमाग आलेला ग्यानबा पुढं सरसावला. "आरोपी कोन?"

"आतड्यात कोट्यवधी जंतू राहतात. बहुतेक निरुपद्रवी. याचं शरीर त्यांनाच शत्रू समजून लढत असावं. नक्की कारण अजून कोणालाच ठाऊक नाही."

"म्हंजे भाडेकरू बेकसूर, आन् चौकीदारच घर फोडून राह्यला?"

डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं. "जवळपास तसंच."

"त्या समद्यायची नावं लिहून द्या. मी एकेकाची जबानी घेतो."

"आधी पेशंटला गोळ्या घेऊ द्या," डॉक्टर म्हणाले. "आजार मुळापासून जाईलच असं नाही, पण आवरता येतो. गोळ्या मधेच सोडायच्या नाहीत."

लिलाबाईनं एक गोळी चुकू दिली नाही. दिवाळीपर्यंत भिवाजीच्या गालावर मांस आलं. खांद्यावर हातोडा घेऊन तो रुळांकडं निघाला, तेव्हा ग्यानबानं त्याला अडवलं.

"तपास चालू हाय. तुह्यं पोट पंचनाम्यासाठी माह्याकडं जमा कर."

"आता ड्युटीवर चाललो, भाऊ," भिवाजी म्हणाला. "आन् पोट बी संगच येऊन राह्यलं."