खांबाची साल

सृष्टीची हळद रविवारी इमारतीच्या पार्किंगमध्ये होती. गुरुवारी मंडपवाल्या झिपरूने खांबाला चिकटवलेली माळ सरळ करायला जरा ओढली, तर चिकटपट्टीबरोबर खांबाची हातभर काळी साल निघून आली.

"ताई, तुमचा खांब सोलला गेला," तो सृष्टीच्या आईला, छायाताईंना म्हणाला.

छायाताईंनी साल उचलून उलटीपालटी करून पाहिली. बारा वर्षांपूर्वी याच खांबांना तडे गेले होते, तेव्हा त्यांच्याभोवती कार्बन फायबरची कापडासारखी पट्टी चिकटवून ते मजबूत केले होते. आता तीच सुटली म्हणायची.

सोसायटीचे सेक्रेटरी यादव यांनी साल पाहिली आणि पार्किंगला दोरी बांधली. गाड्या रस्त्यावर गेल्या. लिफ्ट बंद झाली. पहिल्या मजल्यावरचं कुटुंब 'दोनच दिवस' म्हणून निफाडला गेलं, पण जाताना कुकर घेऊन गेलं. तो कुकर पाहून बाकीच्यांनीही बॅगा भरून ठेवल्या. मुलाकडच्यांचा फोन आला, "हळद दुसरीकडे करायची का?"

शुक्रवारी इंजिनिअर रियाज शेख आले. त्यांनी नाण्याने खांब वाजवून पाहिला, मग पट्टीला गोल खाच पाडून तिथे लोखंडी चकती चिकटवली. "वाळू द्या. उद्या ओढून बघू."

शनिवारी सगळी सोसायटी दोरीपलीकडे उभी राहिली. रियाजसाहेबांनी चकतीला यंत्र लावून हँडल फिरवलं. टक्क आवाज झाला आणि चकतीबरोबर काँक्रीटचा तुकडाच बाहेर आला. यादव दोरी ओलांडून पुढे धावले.

"मस्त," रियाजसाहेब म्हणाले.

"मस्त काय साहेब? भोक पडलं ना," यादव म्हणाले.

"नुसती पट्टी निघाली असती तर मी घाबरलो असतो. इथे काँक्रीट तुटलं, पण पट्टीने त्याला सोडलं नाही. बारा वर्षांनीही पकड पक्की आहे. भोक आजच बुजवतो."

"मग ती साल?" छायाताईंनी विचारलं.

"तो वरचा रंग. उन्हापासून पट्टीला जपायला मारतात. दर चार-पाच वर्षांनी नवा द्यायचा असतो. शेवटचा कधी दिला?"

सगळ्यांनी यादवांकडे पाहिलं.

"द्यायचा असतो?" यादव हळूच म्हणाले.

छायाताईंनी डोळे पुसत मुलाकडच्यांना फोन लावला, "हळद इथेच." दोरी सुटली, चहा आला. दोन दिवसांत पहिल्यांदाच यादव निवांत झाले आणि खांबाला पाठ टेकून कप संपेपर्यंत उभे राहिले. ते वळले तेव्हा त्यांच्या पांढऱ्या शर्टाच्या पाठीवर भुकटी झालेला काळा रंग उमटला होता. त्यांना कोणी काही सांगितलं नाही.