आप्पांचा दुसरा लंगर

आमच्या आप्पांनी आधी लंगर आणले आणि मग त्यांच्यासाठी नाव करवली.

तरुणपणी ते कापसाच्या गाड्या घेऊन सुरतेला गेले होते. तिथे तापीत उभी असलेली गलबतं त्यांनी पाहिली आणि परत येताना गाडीत चार-चार नख्यांचे दोन लोखंडी लंगर घालून आणले. प्रकाशा या तीर्थाच्या खालच्या अंगाला, तापीकाठच्या आमच्या गावात कुणी लंगर पाहिलेला नव्हता. विहिरीत पडलेली बादली काढायचा गळ मात्र घरोघरी होता.

"आप्पा, हिरमा हत्ती पडना का?" विहिरीकडे बोट करत पारावरून कुणीतरी विचारलं.

नाव गावच्या सुताराने केली. त्याने जन्मभर बैलगाड्याच केल्या होत्या. त्यामुळे ती चाकं काढलेल्या गाडीसारखी दिसे, आणि वळेही तशीच, पुष्कळ विचार करून.

आप्पा म्हणजे माझे सख्खे चुलते. मूलबाळ नव्हतं. काकू मानमोडीच्या साथीत गेल्या, नावेला डांबर लागण्याच्या आधी. तेव्हापासून शेत माझ्या वडिलांवर सोपवून पावसाळा सरल्यापासून पुढचा पावसाळा येईपर्यंत आप्पा नावेतच राहत. मी तळोद्याला शाळेत शिकवत होतो. सुटीत पुस्तकं घेऊन त्यांच्याबरोबर जाई.

पहिला लंगर ते रोज टाकत. टाकला की नावेच्या छपराचा दांडा आणि पलीकडच्या काठावरचं एखादं झाड एका रेषेत धरून बसत. "रेघ मोडनी म्हंजे लंगर सरकना," असं त्यांनी मला पाठ करायला लावलं होतं. दुसरा लंगर मात्र नावेच्या मागच्या टोकाला, काकूंच्या एका जुन्या हिरव्या लुगड्यात गुंडाळलेला असे. दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ते त्याला एरंडेल चोळत आणि अंबाडीचा नवा दोर वळून बांधत. पहिल्याचं जुन्या दोरावर भागे.

"एक तुटना ते मंग?" हे त्यांचं पालुपद. प्रत्येक वस्तू त्यांच्याकडे दोन असे. दोन तांबे, दोन कंदील, दोन छत्र्या. माझ्या लग्नात त्यांनी नवरदेवाला बाशिंग एकच का, म्हणून भटजींशी वाद घातला. भटजी म्हणाले, "आप्पा, नवरीही एकच आहे." आप्पा उठून मांडवाबाहेर जाऊन बसले. भटजींना वाटलं, आपण जिंकलो.

गंमत अशी, की दुसरं काही ते कधी वापरत नसत. एकदा बाजारात वादळी पावसाने त्यांची छत्री उलटी होऊन मोडली. आप्पा भर रस्त्यात भिजत उभे, आणि दुसरी छत्री काखेत, कोरडी.

"अहो आप्पा, ती उघडा ना!" मी म्हणालो.

"आते हाई उघाडी ते मंग दुसरी कोनती?"



एका फाल्गुनात आमची नाव वाळूवर चढून बसली. अशा वेळी काय करायचं, हे आप्पांनीच मला तांब्याला सुतळी बांधून दाखवलं होतं. दुसरा लंगर खांद्यावर घ्यायचा, कमरेइतक्या पाण्यातून चालत पुढे जायचं, तो खोल जागी रोवायचा, आणि नावेत येऊन दोर ओढायचा. लंगर हलत नाही, म्हणून नाव हलते. मी धोतर खोचलं आणि लुगड्याच्या गाठीला हात घातला.

"हात नको लावू!"

आम्ही दीड दिवस त्या वाळूवर बसलो. नदीच्या मधोमध, गुडघाभर पाण्यात. मी एक पुस्तक दोनदा वाचलं. शेवटी सातपुड्यातून बांबू घेऊन आलेल्या चौघांनी आम्हाला ढकलून काढलं. त्यातल्या एकाने बोचक्यातून डोकावणाऱ्या नखीकडे बोट करून विचारलं, "हाई काय शे?"

"दुसरा लंगर," आप्पा म्हणाले.

तो माणूस लंगराकडे, मग वाळूकडे, मग माझ्याकडे पाहत राहिला. मला लाज वाटली.

ते गेल्यावर मी चिडून म्हणालो, "वापरायचा नव्हता, तर आणलात कशाला?"

आप्पांनी डोकावणारी नखी लुगड्यात झाकली. "तुन्ही काकू पानीले भ्याये. म्हने, दोन लंगर व्हयनात ते मी नावमा बससू. एक तुम्हना, एक मन्हा." त्यांनी लुगड्याची गाठ चाचपून पाहिली. "ती बसनी नही आजून. तिना लंगर मी कसा टाकू?"

त्यानंतर मी तो विषय काढला नाही. काढायला हवा होता.

दर साली मृगाआधी नाव बैल लावून काठावर ओढत. त्या साली वरच्या अंगाला पाऊस लवकर झाला आणि एका सकाळी तापी गढूळ होऊन फुगत आली. बैलांचं सांगायला आप्पा आदल्या संध्याकाळी घरी आले होते; आम्ही धावत गेलो तेव्हा नाव पहिल्या लंगरावर ताणली गेली होती. आप्पा छातीभर पाण्यातून तिच्यापर्यंत पोचले. मी काठावरून ओरडत होतो, "आप्पा, दुसरा टाका! दुसरा!"

त्यांनी तो उचलला. मला आठवतं, मला हायसं वाटलं. पण ते बोचकं डोक्यावर घेऊन ते काठाकडे आले आणि त्यांनी ते माझ्या हातांत दिलं.

"धर. वल्लं व्हवू देऊ नको."

मी धरलं. फेकून देऊन त्यांचा हात धरायला हवा होता, हे समजायला मला जो क्षण लागला, तेवढ्यात ते वळले होते.

"आप्पा, कुठे चाललात?"

"नाव एकली शे तठे."

ते नावेत चढले. मी छपराचा दांडा पलीकडच्या बाभळीशी धरून पाहत राहिलो, त्यांनी शिकवलं होतं तसा. दांडा बाभळीवर होता. मग बाभळीच्या बाजूला झाला. मग मध्ये नुसतं आभाळ दिसू लागलं.

पहिला लंगर पुढच्या उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर दिसला. होता तिथेच रुतलेला होता, दोराचा हातभर तुकडा घेऊन. चौघांनाही उपटता आला नाही. तसाच ठेवला.

दुसरा माझ्याकडे आहे. लोहार दोनदा विचारून गेला, याचे फाळ करून देऊ का म्हणून. आखाजीला मी त्याला एरंडेल चोळतो. दोर वळायला मला नीट जमत नाही. पण दर साली नवा वळतो.