परबकाकांची पोच

सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा द्यायला माणूस हातात द्रोण घेऊन येतो. आमचे शेजारी परबकाका द्रोणाबरोबर वहीही घेऊन आले. मी हात पुढे केला, तर त्यांनी द्रोण मागे घेतला आणि वही पुढे केली.

"पोच दी, मगे खा."

मुलुंडच्या या बिल्डिंगमध्ये येऊन मला जेमतेम दोन दिवस झाले होते. वहीत तारीख, वेळ आणि 'शिरा, द्रोण एक' असं लिहिलेलं होतं. मी मुकाट्याने सही केली. समोरच्या घरातून त्यांच्या बायकोचा, सुलूकाकूंचा आवाज आला, "अवो, शिरो निवता, सोडा तिका!"

काका टपाल खात्यातून निवृत्त झालेले. आयुष्य रजिस्टर्ड पत्रांच्या खिडकीमागे गेलं, त्यामुळे पोच नाही तर गोष्ट घडलीच नाही, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. इस्त्रीवाला, दूधवाला, सोसायटीचा सेक्रेटरी, सगळ्यांच्या सह्या त्या वहीत सापडतील. अशा माणसाला माहितीच्या अधिकाराचा कायदा सापडला, मग काय विचारता! साध्या कागदावर अर्ज, वर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, आणि तीस दिवसांत उत्तर द्यायला साहेब बांधलेला. आमच्या गल्लीतला फुटपाथ दरवर्षी कोण आणि का खणतं, बागेतला नळ कुठे गेला, काकांनी सगळं विचारलं. एका कार्यालयाने 'फाईल सापडत नाही' असं कळवलं, तेव्हा हे स्वतः जाऊन बसले आणि संध्याकाळपर्यंत फाईल सापडली. साहेबाच्याच कपाटावर होती, पंख्याखाली कागद उडू नयेत म्हणून वजनाला ठेवलेली.

"सायबानू, कागद तुमचो न्हय, लोकांचो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

मला हसू यायचं. सुलूकाकू गेल्या, आणि ते हसू गेलं.

काकूंनी अठ्ठावन्नाव्या वर्षी बी.ए.ची परीक्षा दिली होती. ओट्यापाशी पुस्तक उभं करून त्या पोळ्या लाटता लाटता वाचायच्या. मी शाळेत शिकवते म्हणून अडलेलं मला विचारायच्या. सगळे पेपर सुटले, फक्त शेवटच्या वर्षाचा इतिहास राहिला. चौतीस गुण. पासला चाळीस लागतात. पुन्हा बसायचं त्यांनी ठरवलं होतं, पण त्याआधीच एका सकाळी चहा गाळताना त्या खाली बसल्या, त्या उठल्याच नाहीत.

तेरावा झाला आणि काका माझ्या दारात उभे राहिले. "पेपर सोपो होतो म्हणालली ती. सोप्या पेपरात चौतीस? तपासणाऱ्यान घोळ घातल्यान हा. माका तिची उत्तरपत्रिका होयी."

घाई होती, कारण उत्तरपत्रिका ठरावीक मुदतीनंतर रद्दीत जातात. ती रद्दीत गेली की काकू कायमच्या नापास.

आपल्याकडे असा अर्ज दीडशे शब्दांत बसवावा लागतो. काकांनी लिहिला होता चारशेचा. त्यात पोळपाट होता, ओटा होता, काकूंनी पदराला पुसलेलं पेन होतं. मी एकेक वाक्य खोडत गेले. माहिती मागताना बायको कशी होती हे सांगायला जागा नसते. शेवटी उरला बैठक क्रमांक आणि विषयाचं नाव. काकांनी शब्द पुन्हा मोजून घेतले.

तिसाव्या दिवशी विद्यापीठाचं उत्तर आलं. 'मागितलेली माहिती त्रयस्थ व्यक्तीची आहे. उमेदवाराने स्वतःच्या सहीने अर्ज करावा.'

अर्जाला मृत्यूचा दाखला जोडलेला होता! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नवरा त्रयस्थ? आणि मेलेल्या बाईने सही करायची? कुणीतरी तो दाखला हातात घेतला असेल, टाचणी काढली असेल, पुन्हा लावली असेल, आणि वाचला मात्र नसेल. मेल्यावरही माणसाला रांगेत उभं करणाऱ्या या लोकांना रात्री झोप कशी लागते, मला खरंच कळत नाही.

"सही काय वैकुंठातसून हाडू?" एवढंच काका म्हणाले, आणि अपील लिहायला बसले.

अपिलाच्या सुनावणीला मी सोबत गेले. काकांनी रेशनकार्ड आणलं होतं आणि पिशवीतून लग्नाचा फोटो, फ्रेमसकट. अधिकाऱ्याने फोटोकडे पाहिलंही नाही. "दाखला आमच्याकडे आलेलाच नाही," तो म्हणाला. काकांनी शांतपणे वही उघडली. अर्ज एक, दाखला एक, तारीख, वेळ, आवक कारकुनाची सही, शिक्का. अधिकारी ते पान बराच वेळ वाचत राहिला. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

पंधरा दिवसांत लिफाफा आला. काकांनी मला हाक मारली. आम्ही दोघं जेवणाच्या टेबलाशी बसलो. काकूंचं टपोरं अक्षर, चार प्रश्न व्यवस्थित सोडवलेले, बेरीज बिनचूक. पाचवा प्रश्न वीस गुणांचा. त्याचा नुसता आकडा घातलेला होता, खाली पान कोरं.

"येत नव्हतं वाटतं," मी म्हणाले, आणि लगेच जीभ चावली. काकूंनी प्रश्नपत्रिका मला दाखवली होती; तोच प्रश्न मी त्यांच्याकडून आधी तीनदा करून घेतला होता.

काका उठले. कपाटातून जुनी वही काढली आणि परीक्षेच्या तारखेचं पान माझ्यापुढे धरलं. त्या आठवड्यात त्यांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. 'दु. १.०० – डोळ्यात थेंब.' पुढे काकूंची सही.

पेपर दोनपर्यंत होता. विक्रोळीचं सेंटर, तिथून घरी यायला पाऊण तास.

"बरोबर एकाक थेंब पडूक होये, असा मीच सांगललंय," काका म्हणाले. "लवकर कशी इलंस म्हणून इचारलंय. म्हणाली, पेपर सोपो होतो. आणि मी, गो बाय, मी त्येचीय पोच घेतलंय."

मी समोरच राहत होते. थेंब घालायला मला सांगितलं असतं तर मी शाळेला दांडी मारली असती. पण ते ना काकूंनी सांगितलं, ना मला सुचलं.

"काका, पुढे अपील..."

"कोणाकडे करू?"

त्यांनी खिशातलं पेन काढलं. इतक्या वर्षांत मी त्यांना दुसऱ्यांच्या सह्या घेतानाच पाहिलं होतं. पाचव्या प्रश्नाच्या कोऱ्या पानावर त्यांनी तारीख घातली, वेळ घातली, 'मिळाले' असं लिहिलं आणि खाली स्वतःची सही केली.