खुर्च्या मोजून मांडणारा साहेबराव

आमच्या संस्थेची मीटिंग असली की साहेबराव सगळ्यांच्या आधी येऊन खुर्च्या लपवायचा. आम्ही विश्वस्त सातजण, अन् मांडलेल्या खुर्च्या कधी तीन, कधी दोन. एकदा तर एकच होती, अन् तिच्यावर तो स्वतः बसलेला.

परतूरची आमची संस्था लहान, काम साधं. ज्या म्हाताऱ्याला दवाखान्यात न्यायला घरात कुणी न्हाई, त्याच्यासंगं आपल्यातल्या एकानं जायचं. रांगेत बसायचं, गोळ्या समजून घ्यायच्या, घरी आणून सोडायचं. साहेबराव एसटीत कंडक्टर होता, आता रिटायर. त्यानं नेमच काढला. महिन्याभरात जो कुणासंगं गेला त्याला खुर्ची, बाकीचे उभे.

"तिकीट न काढता सीट मागतेत," असं तो आम्हाला तोंडावर म्हणायचा.

अध्यक्ष शेठ, सरकीचे व्यापारी, गुडघ्यानं अधू. एकदा म्हणाले, "साहेबराव, मी अध्यक्ष हाय."

"म्हणून तर खिडकीपाशी उभं केलं. गज धरा, पुढं वळण हाय."

माझी शाळा चौथीपर्यंत, पण दुसऱ्याच्या सांगण्यावरून उठबस करणारा मी न्हाई. दोन मीटिंगा मुद्दाम उभा राह्यलो, खुर्ची मागितली न्हाई. तिसऱ्या महिन्यात एका म्हातारीसंगं जाऊन आलो. साहेबरावनं गपचूप खुर्ची आणली अन् उपरण्यानं पुसून दिली. ते पुसणं मला आवडलं.

मंग संस्थेचं कॅलेंडर छापायचं निघालं. त्याच्यावर फोटो कुणाचा, ह्यात सगळी दुपार गेली. साहेबराव मधूनमधून वही पुढं करून राह्यला. वहीत लिहिलं होतं, 'एक म्हातारा. मोतीबिंदू. बुधवारी सकाळी, जालना सरकारी दवाखाना. सोबत माणूस नसल्यास ऑपरेशन होणार नाही.'

"नाव काय ह्याचं?" शेठनी विचारलं.

"नावाचं काय करता? जाणार हाय का कुणी?"

"पुढच्या मीटिंगला घेऊ," म्हणून शेठ परत फोटोवर आले.

साहेबरावनं वही मिटली. त्या दिवशी साती खुर्च्या मांडलेल्या होत्या, हे मला घरी गेल्यावर आठवलं. मी त्या महिन्यात कुठंच गेलो नव्हतो, तरी बसलो होतो.

बुधवारी पहाटंच मी रेल्वेनं जालना गाठलं. म्हाताऱ्याचं नाव न्हाई, गाव न्हाई, शोधायचं कसं? दवाखान्यात डोळ्यांच्या खोलीबाहेर बाकड्यावर साहेबराव दिसला. मला रागच आला.

"तू येणारच होतास तर वही कशाला नाचवली? पेशंट कुठाय?"

त्यानं तोंड माझ्याकडं वळवलं. मंग त्याच्या उजव्या भिवईवरची चिकटपट्टी दिसली, ऑपरेशनच्या डोळ्याची खूण म्हणून लावतेत ती.

मी शेजारी बसलो. म्हणालो, "नाव लिहायला काय झाल्तं?"

"नाव लिवलं असतं तर समदे आले असते. साहेबरावसाठी. म्हाताऱ्यासाठी कोण येतं ते बघायचं होतं."

"अन् कुणीच आलं नसतं तर?"

"दुपारची गाडी हाय ना परतूरची."

त्याची बायको जाऊन चार वर्षं झाली, घरात दुसरं कुणी न्हाई. इतक्या लोकांना त्यानं दवाखान्यात नेलं, अन् स्वतःसाठी विचारायला त्याची जीभ उचलली न्हाई. मला ते कळतं. मीही विचारलं नसतं.

नर्सबाईंनी आवाज दिला, "साहेबरावांसोबत कोण आहे?"

"मी," म्हणालो, अन् कागदावर माझं पूर्ण नाव सावकाश लिहिलं.

आत जाताना त्यानं माझ्याकडं बघितलं न्हाई. हातातली पिशवी तेवढी माझ्या मांडीवर ठेवली. जड लागली म्हणून उघडून पाह्यली. फडक्यात ज्वारीच्या भाकरी, ठेचा, अन् खाली एकात एक घातलेल्या दोन ताटल्या.