फिरता दीड तास

सोमवारी सकाळी यशश्रीने लॅपटॉप उघडला तेव्हा पडद्यावर सगळा दिवस हिरवा होता; फक्त साडेसात ते नऊ एक पांढरा पट्टा होता. हिरवं म्हणजे लोकांनी राखून ठेवलेल्या वेळा. पांढरं म्हणजे मल्लेश्वरमच्या लसीकरण केंद्रावर त्या दीड तासात चिटपाखरूही येणार नव्हतं.

"सोमवारची सकाळ आहे," शेजारच्या टेबलावरचा तिचा सहकारी प्रणीत म्हणाला. "कोण उठून फ्लूची सुई टोचून घेईल?"

ते पटण्यासारखं होतं. मंगळवारी पट्टा दुपारी तीनला आला. प्रणीत म्हणाला, मुलांना शाळेतून आणायची वेळ. बुधवारी बाराला आला, जेवणाची वेळ. गुरुवारी दीडला, जेवणानंतरची डुलकी. शुक्रवारी साडेदहा ते बारा.

"शुक्रवारी साडेदहाला माणूस काय करतो?" यशश्रीने विचारलं.

"तोच विचार करतोय."

विचार करणं भाग होतं. जवळचं लसीकरण केंद्र शोधून तिथली वेळ ठरवून देणारं हे ॲप यशश्रीचं पहिलं स्वतंत्र काम होतं. पुण्यात संख्याशास्त्रात एमएस्सी करून ती गेल्या वर्षी बंगळूरला आली होती आणि ॲपचा प्रत्येक पडदा तिने स्वतः आखला होता. आरोग्य खात्याने तीन आठवड्यांची चाचणी दिली होती, तीही एकाच केंद्रावर. ती जमली तर ॲप सगळ्या शहराला मिळणार. नाही जमली तर लोक पुन्हा टोकन घेऊन रांगेत, आणि चार माणसांची ही कंपनी पुन्हा इस्त्रीवाल्यांचं ॲप करायला मोकळी.

शनिवारी पट्टा सकाळी नऊला आला.

"दोष असता तर एका जागी थांबला असता," यशश्री आलेख काढत म्हणाली. "हा रोज फिरतो."

प्रणीतने सर्व्हर तपासला, सर्व्हरचं घड्याळ तपासलं, मग भिंतीवरचंही तपासलं. शेवटी यशश्रीने लोकांनाच फोन लावले. त्या दीड तासातली वेळ का घेतली नाही? सगळ्यांचं उत्तर एकच होतं: तेव्हा मीटिंग होती. केव्हाच निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनाही मीटिंग होती.

मग तिने ॲपमध्ये एक नवं बटण घातलं: 'लवकरात लवकरची वेळ द्या.' बटण दाबलं की पहिली रिकामी वेळ आपोआप मिळायची, आणि रिकामं काय ते त्या पांढऱ्या पट्ट्यातच असल्यामुळे पट्टा भरू लागला. दुसऱ्या आठवड्याच्या शुक्रवारी पडदा वरपासून खालपर्यंत हिरवागार होता. प्रणीतने सगळ्यांसाठी मसाला डोसे मागवले. ते उघडेपर्यंत केंद्रावरून गंगव्वा सिस्टरांचा फोन आला. सिस्टर बेळगावकडच्या, त्यामुळे यशश्रीशी मराठीत बोलत.

"मॅडम, आत कोण नाही. मी एकटीच बसलोय. अन् बाहेर बघावं तर ही गर्दी."

"मग त्यांना आत घ्या ना."

"घेतोय की. आत या म्हटलं की 'स्वल्प वेळ, सिस्टर' म्हणतात आणि घड्याळ बघतात."

यशश्री रिक्षा करून मल्लेश्वरमला पोचली. केंद्राच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी गाड्या लागल्या होत्या आणि प्रत्येक गाडीत माणसं काचा खाली करून बसली होती. फाटकाशी एका रिक्षात कावेरीअक्का होत्या. कावेरीअक्का म्हणजे तिच्या घरमालकीण. त्यांचं घराणं पिढ्यान् पिढ्या इथलं, आणि सगळी नोकरी त्यांनी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवण्यात घालवलेली.

"अक्का, तुमची वेळ साडेदहाची होती ना?"

"होती गं पुट्टी. तुझ्या त्या बटणानं दिली."

"मग?"

"मग काय, बसलेय. बारा वाजू देत."

"बाराला काय आहे?"

परीक्षानळीत नाक घालणाऱ्या विद्यार्थिनीकडे बघावं तसं अक्कांनी तिच्याकडे बघितलं. "अय्यो, राहुकाळ गं, अशुभ वेळ. शुक्रवारी साडेदहा ते बारा. सोमवारी साडेसातला, शनिवारी नऊला. तुमच्या पुण्यात नसतो?"

पुण्यात राहू होता. पण तो कुंडलीत गप्प बसून असायचा. बंगळूरचा राहू रोज दीड तास ड्यूटीवर येत होता, आणि रोज वेगळ्या पाळीत.

"अक्का, तुम्ही केमिस्ट्री शिकवलीत. तुम्ही हे मानता?"

"छे, कोण मानतंय? पण सुई आहे ना गं. त्यात उगाच त्याला कशाला घ्यायचं?"

रिक्षावाल्यानेही मान हलवली. मानत तोही नव्हता. मीटर मात्र चालू होता.

बाराला सगळ्या गाड्यांची दारं एकदम उघडली. बाराची वेळ घेतलेले लोकही तेव्हाच आले. बघता बघता रांग आवारातून रस्त्यावर आणि रस्त्यावरून कोपऱ्यावरच्या फुलवाल्यापर्यंत गेली. अक्का तिचं शेपूट बघून त्याच रिक्षातून घरी परतल्या. पाहणीसाठी आलेल्या आरोग्य खात्याच्या भव्या मॅडम मात्र त्या शेपटापासून चालत पुढे आल्या.

"तुमच्या ॲपवर 'आता रांग नको' असं लिहिलंय ना?" त्यांनी शांतपणे विचारलं. "मी पुढच्या शुक्रवारी येते. तेव्हाही हेच असलं तर टोकन परत आणू. टोकनला निदान रांग असते हे आधी माहीत तरी असतं."

ऑफिसात डोसे गार झाले होते.

"तुझ्या सात पिढ्या बंगळूरमध्ये गेल्या," यशश्री प्रणीतला म्हणाली. "तुला राहुकाळ माहीत नव्हता?"

"माहीत होता. पण आपले युजर शिकलेले आहेत म्हटलं."

"आणि तू स्वतः कधीची वेळ घेतलीस?"

प्रणीतने चटणीची पुडी उघडली. "सकाळी मला मीटिंग होती."

"लोकांनाही तीच मीटिंग होती."

तेवढा वेळ केंद्र बंद ठेवू, असं त्याने सुचवलं. पण मग तेवढी माणसं लशीवाचून राहिली असती. लोकांना समजावणारी एक चित्रफीत करू, असंही सुचवलं.

"राहूशी वाद नाही घालायचा," यशश्री म्हणाली. "लोक ज्याला राहूपेक्षा जास्त घाबरतात ते शोधायचं."

ती खिडकीशी गेली. खाली एक पांढरी गाडी चौकाला वळसा घालून गेली, थोड्या वेळाने पुन्हा आली, जरा थांबली आणि पुन्हा निघून गेली. चालकाची मान डावीकडे उजवीकडे वळत होती. तिसऱ्या फेरीला यशश्री हसली.

तिने ते बटण काढून टाकलं आणि राहुकाळातल्या वेळांखाली बारीक अक्षरात एक ओळ घातली: 'या वेळी आवारात गाडी लावायला जागा मिळेल.'

"एवढंच?" प्रणीतने विचारलं.

"खरं आहे ते. तेव्हा आवार रिकामं असतं."

रविवार मावळेपर्यंत पुढच्या अख्ख्या आठवड्याचा राहुकाळ भरला. बाकीच्या वेळा नंतर भरल्या. काही लोकांनी शुभ वेळ रद्द करून राहुकाळ घेतला. एकाने तर कुटुंबातल्या पाच जणांसाठी पाच वेळा घेतल्या आणि गाडीचा नंबरही लिहून ठेवला, ॲपने तो विचारला नसताना.

शुक्रवारी अकराला भव्या मॅडम आल्या. माणसं एकेक करून येत होती, गाडी लावत होती, टोचून घेत होती, निघून जात होती. रांग नव्हती. गंगव्वा सिस्टरांना बसायला वेळ नव्हता. मॅडमनी स्वतःची गाडी आवारात होंगेच्या झाडाच्या सावलीत लावली, खाली उतरल्या आणि क्षणभर गाडीकडे बघतच राहिल्या. मल्लेश्वरममध्ये, शुक्रवारी, सावलीत.

"सगळ्या शहरासाठी घेऊ," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी यशश्री पेढे घेऊन घरी आली तेव्हा कावेरीअक्का जिन्यात दंड चोळत उभ्या होत्या. पेढा त्यांनी घेतला, पण चेहरा काही उजळला नाही.

"काय झालं अक्का? लस मिळाली ना?"

"मिळाली गं. पण तुझ्या ॲपात राहुकाळ काही मिळेना. किती वेळा बघितलं, सगळा भरलेला. आत जागा नाही म्हणून रिक्षावाल्यानं मला कोपऱ्यावरच उतरवलं."

"मग वेळ कधीची घेतलीत?"

"अडीचची," अक्का खिन्नपणे म्हणाल्या. "पंचांगात बघितलं तर अमृतकाळ. काय करणार, तेवढाच शिल्लक होता."