पान पंच्याऐंशीची मागची बाजू

रेकॉर्डकीपरनी स्वयंपाकघरातला वजनकाटा जेवणाच्या टेबलावर आणला आणि गाइडबुकाची निंदणी सुरू केली. निंदणी म्हणजे फाइलमधले नको असलेले कागद वेगळे काढणं. एकतीस वर्षं ते ऑफिसात हेच करत होते. त्यांनी ठेवलेल्या कागदांची कधी कोणाला गरज पडली नव्हती आणि काढलेल्यांचीही नाही. अकरा दिवसांची डोंगरवाट पाठीवर ओझं घेऊन चालायची, तर पक्षी, रानफुलं आणि वाटेचा इतिहास कशाला वाहून न्यायचा? ब्लेडने एकेक पान सफाईने निघालं. एकशे दहा ग्रॅम वाचले. काढलेली पानं त्यांनी एका फोल्डरमध्ये लावली, वर ‘अनावश्यक’ असं लिहिलं आणि फोल्डर कपाटात उभं केलं.

"वजनच कमी करायचं तर पोट आहे की," बायको म्हणाली.

बायको ड्रायव्हिंग शिकवायची. शहरातली निम्मी माणसं तिच्या हाताखालून गेली होती आणि सगळे तिला बाई म्हणत. तिच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक होता. तसाच एक घरातही कुठेतरी बसवलेला असावा, असा रेकॉर्डकीपरना पंचवीस वर्षं संशय होता. म्हणूनच तर ही वाट एकट्याने चालायची होती. अकरा दिवस डावं-उजवं सांगणारं कोणी नको, असं त्यांनी ऑफिसात, शेजारी आणि मेव्हण्याला बजावून सांगितलं. मेव्हणा म्हणाला, तिसऱ्या दिवशी फोन येईल. तिसरा दिवस गेला, पाचवाही गेला. फोन त्यांनी पिशवीच्या तळाशी, मोज्यात गुंडाळून ठेवला होता.

सहाव्या दिवशी सकाळपासूनच धुकं होतं. चढ संपला असं वाटलं की धुक्यातून पुढचा चढ हजर व्हायचा. डाव्या टाचेला फोड आला होता, म्हणून ते उजव्या पायावर भार देत होते, त्यामुळे उजव्या टाचेलाही आला. दुपारी दोनला ते एका खांबापाशी पोचले. खांबावरच्या पाट्या केव्हाच गळून पडल्या होत्या. पुढे तीन वाटा होत्या. रेकॉर्डकीपरनी शांतपणे गाइडबुक उघडलं. पान चौऱ्याऐंशीच्या तळाशी लिहिलं होतं, ‘येथे तीन वाटा दिसतील. प्रवाशाने गोंधळून जाण्याचे कारण नाही, कारण’. पान संपलं. त्यापुढचं पान होतं सत्त्याऐंशी, आणि ते ‘रात्रीच्या विश्रांतीनंतर’ असं सुरू होत होतं.

मधल्या पानावर घुबड होतं, हे त्यांना लख्ख आठवलं. घुबडाच्या मागे काय होतं हे आठवेना, कारण ते त्यांनी पाहिलंच नव्हतं. त्यांच्या ऑफिसात कागदाच्या एकाच बाजूला लिहीत. एकतीस वर्षांत कागदाची पाठ पाहण्याचा प्रसंगच आला नव्हता.

मुक्कामाच्या निवाऱ्याचा रखवालदार पाचपर्यंत कोणी आलं नाही तर दाराला कुलूप लावून खाली गावात जातो, एवढं मात्र त्यांना पाठ होतं. त्यानंतर पोचणाऱ्याने रात्र दाराबाहेर काढायची, तीही या थंडीत. त्यांनी मधली वाट धरली आणि चाळीस मिनिटांनी पुन्हा त्याच खांबापाशी आले. असं चालणं त्यांना ऑफिसातून परिचयाचं होतं, पण तिथे पाय दुखत नसत.

डोंगरात फोन लागणार नाही अशी त्यांना आशा होती. तो पहिल्याच खेपेला लागला.

"अगं, कपाटात ‘अनावश्यक’ म्हणून एक फोल्डर आहे. त्यात घुबडाचं पान आहे बघ."

"घुबड दिसलं का?"

"दिसल्यासारखं वाटतंय. खात्री करून घ्यावी म्हटलं. आणि हातासरशी मागच्या बाजूलाही काय आहे ते वाच."

"वाट चुकलात?"

"नाही. वाटा तीन आहेत, एवढंच."

बाई त्या वेळी गाडीत एका निवृत्त दंतवैद्यांना शिकवत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची परीक्षा होती. आधीच्या तीन परीक्षांत ते नापास झाले होते, त्यामुळे शिकवणी थांबवणं शक्य नव्हतं. तिने त्यांनाच गाडी घराकडे घ्यायला लावली, वर जाऊन फोल्डर आणलं, फोन समोर टेकवून ठेवला आणि शिकवणी पुढे चालू केली. आता तिच्या हाताखाली दोन विद्यार्थी होते, एक चाकावर आणि एक पायी.

"‘कारण मधली वाट गोल फिरून येथेच येते,’" तिने वाचलं.

"ते माहीत आहे मला."

"कसं?"

"तू पुढचं वाच," रेकॉर्डकीपर म्हणाले. मग तिने पुढचं वाचलं. उजवीकडची वाट धरायची, दगडी भिंतीच्या कडेने ओढ्यापर्यंत उतरायचं, ओढा ओलांडायचा. रेकॉर्डकीपर उतरले, दगडांवर तोल सांभाळत पलीकडे गेले आणि ओढा उजव्या हाताला ठेवून पुढच्या सूचनेची वाट पाहत उभे राहिले.

"अहो, आता डावीकडे घ्या," फोन म्हणाला.

डोंगरातला ‘अहो’ आणि गाडीतला ‘अहो’, दोघंही एकदमच डावीकडे वळले. दंतवैद्यांची गाडी एका फर्निचरच्या दुकानाच्या पायरीला जाऊन टेकली.

"थांबा. आता मागे घ्या. सावकाश. अजून मागे. घाबरू नका, मागे काही नाहीये. अजून."

अशा वेळी कारण विचारायचं नसतं, हे रेकॉर्डकीपर पंचवीस वर्षांत शिकले होते. ते सावकाश मागे गेले. घाबरले नाहीत. चौथ्या पावलाला ते कमरेपर्यंत ओढ्यात बसले.

"कसला आवाज आला?"

"मी पाण्यात बसलोय."

"कशाला?"

"तू मागे घ्या म्हणालीस."

"ते तुम्हाला नव्हतं. आणि मागे घेताना मान वळवून बघायचं असतं, इतकी वर्षं सांगतेय."

यापुढे गाडीतल्याला ‘डॉक्टर’ आणि डोंगरातल्याला ‘अहो’ म्हणायचं असं तिने ठरवून दिलं. पण दंतवैद्यांचं मन आता गाडीत राहिलं नव्हतं. ते दर दोन मिनिटांनी ‘पोचले का हो?’ असं विचारू लागले, आणि एकदा तर लाल दिव्यावर त्यांनी ‘ओले मोजे काढून पिळून घाला’ असा वैद्यकीय सल्लाही दिला. डोंगरातला शेवटचा चढ सुरू झाला तेव्हा गाडी नेमकी पुलाच्या चढावर होती.

"मध्ये थांबू नका," बाई म्हणाली. "थांबलात की मागे याल. हे दोघांनाही आहे."

दोघंही थांबले नाहीत. दंतवैद्यांनी आयुष्यात प्रथमच गाडी बंद न पडू देता पूल चढवला. तिकडे पाचला चार मिनिटं असताना धुक्यातून निवाऱ्याचं दार दिसलं. दारात रखवालदार कुलूप हातात घेऊनच उभा होता.

त्याने रेकॉर्डकीपरना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. बुटांतून पाणी गळत होतं, चाल दोन्हीकडून लंगडी होती. त्याने कुलूप खिशात टाकलं, खिळ्याला टांगलेली नोंदवही काढली, नाव आणि वेळ लिहिली आणि पेन्सिल पुढच्या रकान्यावर टेकवली.

"एकट्यानेच आलात?"

रेकॉर्डकीपरनी पेन्सिलीच्या टोकाकडे पाहिलं. एकतीस वर्षांत त्यांच्या हातून एकही खोटी नोंद झाली नव्हती. पण ‘नाही’ म्हटलं तर सहा दिवस चालल्याचं मातेरं झालं असतं, आणि शिवाय दुसरा कुठे आहे हेही दाखवावं लागलं असतं. पेन्सिल थांबून राहिली. रखवालदाराने एकदा धुक्यात पाहिलं, पुन्हा त्यांच्याकडे पाहिलं.

"अहो," रेकॉर्डकीपरच्या शर्टाच्या खिशातल्या फोनमधून आवाज आला, "हो म्हणा."

"हो," रेकॉर्डकीपर म्हणाले.